पर्वरीचा टर्बोप्रॉप मुलाखत वर्ग: यंत्रणा पक्की, पावसाळा कच्चा

विमान कंपन्यांत टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा (प्रोपेलर) फिरवणारे विमान, उडवायला जाणाऱ्या नव्या वैमानिकांची मुलाखतीची तयारी करून घेणारा हा वर्ग गोव्यात पर्वरीला, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. चार आठवडे, शनिवार-रविवार, रोज तीन तास. एका तुकडीत सहाच जण घेतात. फी ४२ हजार रुपये, त्यात सिम्युलेटरचे दोन तास धरलेले. पुढचा प्रत्येक तास सहा हजारांना. शिकवणारे दोघे आहेत. एक सर एटीआर या टर्बोप्रॉप विमानाचे निवृत्त कप्तान, दुसरे अजून लाईनवर उडणारे. शिकवणे मराठी-कोकणीत आणि उत्तरे मात्र इंग्रजीत घोटून घेतली जातात. मुलाखत इंग्रजीतच होते, त्यामुळे हे बरोबर आहे. समजणे मात्र आपल्या भाषेत लवकर होते.

भारतात टर्बोप्रॉपची मुलाखत म्हणजे बहुतेक वेळा एटीआर ७२-६०० ची मुलाखत. इंडिगो आणि अलायन्स एअर हेच विमान चालवतात, आणि मोपाच्या मनोहर विमानतळावरून मार्च २०२४ पासून फ्लाय९१ सुद्धा हेच उडवते. म्हणून वर्गाने सगळा भर एटीआरवर दिला आहे. क्यू४०० या दुसऱ्या टर्बोप्रॉपला जेमतेम अर्धा तास मिळतो. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही.

या वर्गाचे खरे बळ पहिल्या दोन आठवड्यांत दिसते. फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडलेला मुलगा आकडे पाठ करून येतो: इंजिन पीडब्ल्यू१२७एम, टेकऑफला २,४७५ शाफ्ट हॉर्सपॉवर, राखीव शक्ती २,७५०, पंख्याला सहा पाती, व्यास ३.९३ मीटर. मुलाखत घेणारा कप्तान हे आकडे ऐकून घेतो आणि विचारतो, "मग २,४७५ च का?" इथे गाडी अडते. वर्गात पहिल्या दिवशी हाच प्रश्न फळ्यावर लिहितात. २,४७५ म्हणजे २,७५० चे बरोबर ९० टक्के. दोन्ही इंजिने ठीक असताना टेकऑफ ९० टक्के टॉर्कवर (पंख्याला मिळणाऱ्या पिळाच्या जोरावर) होतो. एक गेले तर दुसऱ्याला १०० पर्यंत चढवायला जागा राखलेली असते. हे चढवणे वैमानिक करत नाही, एटीपीसीएस ही टेकऑफची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा करते. तिथून पुढचे दीड तास एटीपीसीएसवरच जातात, आणि तो वेळ कारणी लागतो.

त्यांची पद्धत साखळीची आहे. आधी विचारतात, यंत्रणा सज्ज कधी होते? बटण दाबलेले, पॉवर मॅनेजमेंटचा खटका टेकऑफवर, दोन्ही पॉवर लिव्हर ४९ अंशांच्या पुढे, दोन्ही टॉर्क ४६ टक्क्यांच्या वर. मग, चालते कधी? एका इंजिनाचा टॉर्क १८ टक्क्यांखाली घसरला की. आधी काय होते? चांगल्या इंजिनाला अपट्रिम, म्हणजे वाढीव शक्ती, लगेच मिळतो. गेलेल्या बाजूचा पंखा फेदर व्हायला, म्हणजे पाती हवेच्या रेषेत वळून अडथळा कमी व्हायला, २.१५ सेकंद थांबावे लागते. आणि एक पंखा फेदर झाला की दुसऱ्या बाजूचे ऑटोफेदर बंद होते. शेवटचा दुवा बहुतेक जण विसरतात. तो सांगितला नाही तर पुढचा प्रश्न ठरलेला: "दोन्ही पंखे एकदम फेदर होऊ शकतात का?"

यानंतर सर ४ फेब्रुवारी २०१५ चा तैपेईचा ट्रान्सएशिया अपघात फळ्यावर मांडतात, तो फार चांगला मांडतात. टेकऑफनंतर दुसऱ्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला, पण ते इंजिन चालूच होते. दोष ऑटोफेदरच्या एका जोडणीत होता. कप्तानाने पहिले, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. विमानात ५८ जण होते, ४३ गेले. वर्गात विद्यार्थ्याला विचारतात: टॉर्क गेला, पण एनएच (इंजिनाच्या गाभ्याचे फेरे) जागेवर आहे, तर काय बिघडले? आणि कोणत्या लिव्हरला हात लावण्यापूर्वी तुझा जोडीदार काय बघून, काय म्हणून दुजोरा देईल? प्रत्येकाला उभे राहून, बोट ठेवून हे उत्तर द्यावे लागते. पाठांतराने इथे भागत नाही.

पोखराचा यती एअरलाइन्सचा अपघातही असाच शिकवतात. १५ जानेवारी २०२३, ७२ जण गेले. फ्लॅपची लिव्हर हलवायची होती, हलल्या कंडिशन लिव्हर (इंधन आणि पंखा सांभाळणाऱ्या), आणि दोन्ही पंखे फेदरमध्ये गेले. इंजिने धडधाकट असताना पुढे नेणारा जोर शून्य. फळ्यावर मधल्या पेडेस्टलचे चित्र काढून कोणती लिव्हर कुठे आहे, कंडिशन लिव्हरच्या जागा कोणत्या (फ्युएल शटऑफ, फेदर, ऑटो, शंभर टक्के ओव्हरराइड) हे हाताने दाखवायला लावतात. पुढे सिमवर याच सवयीचा उपयोग होतो: कोणतीही लिव्हर हलवताना आधी हात टेकवणे, नाव उच्चारणे, मग हलवणे.

पंख्याचा भाग तितकाच ठोस आहे. जेटच्या स्वप्नात वाढलेल्या मुलांना इथे सगळ्यात जास्त अडचण येते, कारण त्यांना वाटते की लिव्हर पुढे नेली की पंखा जोरात फिरतो. तसे नाही. टेकऑफला एनपी (पंख्याचे फेरे) १०० टक्के, म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे. चढाई आणि क्रूझमध्ये ८२ टक्के. लिव्हरने इंधन वाढते, टॉर्क वाढतो, आणि फेरे तेवढेच राहावेत म्हणून पात्यांचा कोन वाढतो. तेलाचा दाब गेला तर? पात्यांवरची काउंटरवेट त्यांना जास्त कोनाकडे, फेदरच्या बाजूला ढकलतात. असे का बनवले? कमी कोनात फिरत राहिलेला पंखा हवेला थाळीसारखा आडवा येतो, विमानाला मागे खेचतो आणि एका बाजूला वळवतो. दोन्ही पंखे मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणून डावे इंजिन क्रिटिकल, म्हणजे तेच गेले तर सांभाळणे जास्त अवघड. हे सगळे एका श्वासात, चित्रासकट, सांगता आले पाहिजे. तिसऱ्या वर्गापर्यंत बहुतेकांना येते.

हॉटेल मोड हा एटीआरच्या प्रत्येक मुलाखतीत येणारा विषय. या विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारे छोटे सहायक इंजिन, नाही. जळगाव किंवा अगत्तीसारख्या छोट्या धावपट्टीवर दुपारी प्रवासी बसत असताना वीज आणि थंड हवा कुठून? उजव्या, म्हणजे दुसऱ्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि टर्बाइन फिरत राहते. ब्रेक लागायला निळ्या हायड्रॉलिकचा दाब लागतो, कंडिशन लिव्हर फेदरला, पॉवर लिव्हर ग्राउंड आयडलला, गस्ट लॉक (वाऱ्याने नियंत्रणे हलू नयेत म्हणून असलेली कडी) लावलेला. उजवेच इंजिन का? प्रवाशांचा दरवाजा मागे डावीकडे, सामानाचा पुढे डावीकडे, माणसांची सगळी ये-जा डाव्या बाजूने. हा शेवटचा तुकडा सर स्वतः सांगत नाहीत, विद्यार्थ्यांकडून काढून घेतात. मुलाखतीतही असाच काढून घेतला जातो.

हायड्रॉलिक आणि वीज यावर वेळ कमी मिळतो, पण जे सांगतात ते नेमके. निळ्या बाजूला फ्लॅप, स्पॉइलर, नोजव्हील स्टीअरिंग, आणीबाणीचा आणि पार्किंगचा ब्रेक, प्रॉप ब्रेक. हिरव्याला लँडिंग गिअर आणि नेहमीचे ब्रेक. दाब दोन्हीत ३,००० पीएसआय. या पंपांना वीज एसी वाइल्डची (बदलत्या फ्रिक्वेन्सीची एसी), आणि ते जनरेटर पंख्याच्या गिअरबॉक्सवर बसलेले. म्हणून पंखा थांबला की ती वीज गेली, आणि हॉटेल मोडमध्ये पंप कशावर चालतो हा प्रश्न उभा राहतो. उत्तर: निळ्या बाजूच्या डीसी सहायक पंपावर. दोन विषय असे जोडून शिकवणे कमी ठिकाणी होते.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत.

छापील टिपणे जुनी आहेत. ७२-५०० आणि ७२-६०० यांची सरमिसळ झाली आहे. एका पानावर ६०० च्या पाच एलसीडी पडद्यांची माहिती, आणि पुढच्याच पानावर ५०० चे काट्यांचे इंजिन गेज, वर इंजिनाचे नाव पीडब्ल्यू१२७एफ. मुलाखतीत असे उत्तर गेले तर कप्तानाला लगेच कळते की मुलाने विमानाचे पुस्तक उघडलेले नाही, कोणाच्या तरी टिपणांवर भागवले आहे. सर तोंडी दुरुस्ती करतात, पण ती लिहून घ्यायची जबाबदारी विद्यार्थ्यावर. पहिल्याच दिवशी लाल पेन घेऊन बसावे आणि प्रत्येक पानावर ५०० की ६०० हे लिहावे.

बर्फाचा विषय शिकवतात, पण थंड देशांतल्या हिवाळ्याचा. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरचा अमेरिकेतला रोझलॉनचा अपघात सविस्तर येतो: होल्डमध्ये (उतरण्याआधी घिरट्या घालताना) फ्लॅप १५, मोठे अतिथंड थेंब, बूटच्या (बर्फ फोडणाऱ्या फुगत्या रबरी पट्टीच्या) मागे साठलेली बर्फाची कड, फ्लॅप वर घेताच एलरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) आपोआप ओढला जाणे, ६८ मृत्यू, त्यानंतर वाढवलेले बूट. हे आवश्यकच आहे. पण मुलाखत गोव्यात किंवा बेंगळुरूत होणार, आणि प्रश्न येणार: "जुलैत मोपाला होल्ड करतोस, फ्लाइट लेव्हल १७० (१७ हजार फूट), बर्फाची काळजी करशील का?" वर्गातल्या बहुतेक मुलांनी "इथे कसला बर्फ" असेच उत्तर दिले असते.

खरे उत्तर असे. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते, आणि एटीआरचे क्रूझ नेमके तिथेच. एटीआरच्या हिशेबात हवेत टीएटी (वेगामुळे वाढलेले, विमानावर मोजलेले तापमान) ७ किंवा कमी आणि दिसणारा ओलावा म्हणजे आइसिंग कंडिशन. जमिनीवर बाहेरचे तापमान ५ किंवा कमी. २६० नॉट खऱ्या वेगाला हवेच्या दाबाने तापमान सुमारे ९ अंश वाढते, म्हणजे टीएटी ७ दिसतो तेव्हा बाहेर शून्याच्याही थोडे खाली असते. म्हणून ढगात शिरण्यापूर्वी बर्फरोधाची लेव्हल दोन, म्हणजे पंखे, हॉर्न (नियंत्रण झडपांची पुढे आलेली टोके), बाजूच्या काचा यांचे अँटी-आइसिंग. डाव्या खिडकीबाहेरच्या आइस एव्हिडन्स प्रोबवर (बर्फ दिसावा म्हणून बसवलेल्या दांड्यावर) किंवा कुठेही बर्फ धरू लागला की लेव्हल तीन, म्हणजे विमानाच्या पंखांचे (विंगचे) आणि इंजिनाचे बूट. वेगाची खालची मर्यादा आइसिंगची धरायची, आणि एपीएम या कामगिरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने डिग्रेडेड परफॉर्मन्स किंवा इन्क्रीज स्पीड दाखवले तर वाट बघत बसायचे नाही. वर्गात हे मुद्दे सुटे सुटे येतात, पण अरबी समुद्रावरच्या जुलैशी कोणी जोडत नाही. गोव्यात बसून गोव्याचे आभाळ शिकवले नाही, हे खटकते. एक पूर्ण तास यावर देणे अवघड नाही.

धावपट्टीच्या बाबतीतही तेच. ओल्या धावपट्टीची माहिती अजून "ब्रेकिंग गुड, मीडियम, पुअर" इथेच थांबते. ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीची स्थिती आकड्यात कळवण्याची नवी पद्धत लागू आहे: कोरडी धावपट्टी ६, तीन मिलिमीटरपर्यंत ओलावा ५, त्याहून जास्त साचलेले पाणी २. मुलाखतीत हे विचारतात, आणि पावसाळी विमानतळांवर उडणाऱ्या कंपनीने विचारायलाच हवे. हायड्रोप्लेनिंगचे सूत्र शिकवतात, पण अर्धे. टायरच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले ९, हे फिरणाऱ्या चाकासाठी. टेकताना चाक अजून फिरत नसते, तेव्हा ७.७ ने गुणायचे. दाब १२१ पीएसआय धरला तर एक उत्तर ९९ नॉट, दुसरे ८५. एटीआर टेकण्याचा वेग याच्या आसपास असतो, म्हणजे घसरण्याची शक्यता पहिल्या क्षणापासून असते. हे कळले की रिव्हर्सआधी (पंख्याचा जोर उलटा करण्याआधी) दोन्ही लो पिच दिवे, म्हणजे पाती कमी कोनात आल्याची खूण, लागले का हे बघण्याचे कारणही कळते: एकच लागला आणि रिव्हर्स ओढला, तर ओल्या पट्टीवर विमान एका बाजूला जाते.

मनातल्या गणिताचा सराव रोज दहा मिनिटे घेतात. लेव्हल १७० वरून २,००० ला यायचे, पंधरा हजार फूट गुणिले तीन, ४५ मैल, वेग कमी करायला काही मैल वर. जमिनीवरचा वेग २४० असेल तर पाचपट, १,२०० फूट मिनिटाला. दाबोळीच्या २६ धावपट्टीवर वारा २३० वरून २४ नॉट: फरक ३० अंश, आडवा वारा निम्मा, १२ नॉट, डावीकडून. ही उदाहरणे खरोखर चांगली निवडलेली आहेत. आकडे मोठ्याने सांगत सोडवायला लावतात, हेही योग्य; मुलाखतीत शांत बसून हिशेब केला तर समोरच्याला काहीच कळत नाही.

सिमबद्दल स्पष्ट सांगायला हवे. ते खोलीत बसवलेले स्थिर यंत्र आहे, हलत नाही. लिव्हरचा चौकोन आणि पडदे चांगले, रडर पेडल मात्र हलक्या स्प्रिंगचे. इंजिन गेल्यावर पायाला जो जोर लावावा लागतो तो इथे जाणवतच नाही, त्यामुळे सरळ राखणे सोपे वाटते. खऱ्या चाचणीत पाय मागे पडतो, घसरण दाखवणारा चेंडू बाहेर जातो आणि मुलगा एलरॉनने सावरू बघतो. त्यामुळे इथे इंजिन बंद पडण्याचा सराव करताना पायापेक्षा शब्द आणि क्रम यांवर लक्ष द्यावे: अपट्रिम तपासा, ऑटोफेदर तपासा, गिअर वर, ब्लीड फॉल्ट तपासा, आणि ठरलेल्या उंचीपर्यंत दुसरे काही नाही. सिमचा खरा फायदा फ्लाइट डायरेक्टरशिवाय (पडद्यावरच्या मार्गदर्शक खुणांशिवाय) आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणे, उडवण्यात आहे. दोन तासांतला एक तास स्वतः उडवा, दुसरा जोडीदाराच्या खुर्चीत बसून घ्या. तपासणारा कप्तान मॉनिटरिंग करणाऱ्यालाही तेवढेच बघतो: वेग ढळला तर आवाज आला का, हजार फुटांना विमान स्थिर नसताना गो-अराउंड कोणी म्हटले.

कागदपत्रांची तपासणी हा वर्गाचा छोटा पण उपयोगी भाग. प्रत्येकाच्या लॉगबुकची बेरीज पानापानाला तपासतात. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) २०० तास, त्यात १०० पीआयसी (विमानाचा प्रमुख म्हणून), २० क्रॉस कंट्री, १० इन्स्ट्रुमेंट, ५ रात्रीचे हे आकडे अर्जात एक आणि लॉगबुकात दुसरेच निघतात, बहुतेक वेळा पुढच्या पानावर बेरीज उतरवताना चूक होते. मल्टी-इंजिनचे तास वेगळ्या रकान्यात नसणे हीही नेहमीची. मुलाखतीच्या टेबलावर ही चूक सापडली की पुढचा अर्धा तास विश्वास परत मिळवण्यात जातो.

एचआरची तयारी मात्र कमजोर. "टर्बोप्रॉपच का?" या प्रश्नाला छापील उत्तर देतात, आणि सहाही जण तेच म्हणतात. "पुढे जेटवर जायचे म्हणून" हे उत्तर कंपनीला नको असते, कारण टाइप रेटिंगवर (त्या विमानाच्या खास परवान्यावर) खर्च करून शिकवलेला माणूस तिला टिकवायचा असतो. चांगले उत्तर कामातून येते: सव्वा किलोमीटरच्या आसपासची अगत्तीची धावपट्टी, एका दिवसात चार-पाच टेकऑफ-लँडिंग, हाताने उडवण्याचे तास, ऑटोथ्रॉटल नसलेले विमान. ज्या कंपनीत जायचे तिचे मार्ग आणि विमाने आधी लिहून काढा. वर्ग हे करून देत नाही.

कोणासाठी? लायसन्स हातात आलेल्या आणि टर्बोप्रॉप फक्त चित्रात पाहिलेल्या मुलामुलींसाठी हा पैसा योग्य आहे. ज्यांनी एटीआरची पुस्तके आधी वाचली आहेत त्यांनी पूर्ण कोर्स घेऊ नये. विचारले तर फक्त मॉक इंटरव्ह्यू आणि सिम वेगळे देतात, १५ हजारांना. मॉकमध्ये दोघेही सर समोर बसतात आणि पन्नास मिनिटे विचारतात, नंतर वीस मिनिटे चुका सांगतात. ध्वनिमुद्रण मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.

तुकडी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होते, चवथीच्या आठवड्यात वर्ग बंद असतो. पणजीहून कदंब बसने यायचे असेल तर पर्वरीचा थांबा जवळचा; दुचाकीसाठी खाली जागा आहे, चारचाकीला नाही. पहिल्या दिवशी लॉगबुक, मेडिकलची प्रत, लाल पेन आणि कोरी वही लागते. टिपणांचा संच मिळाला की आधी आइसिंगचे पान उघडा आणि समासात लिहा: जुलै, लेव्हल १७०, टीएटी ७.